संसाराचा हिशोब : खोलीचे भाडे किती धरावे?



बुरोंडीहून एका ताईंचे पत्र आले आहे. घरधनी आंब्याच्या बागेत मजुरीला जातात, पावसाळ्यापूर्वी गवंड्याच्या हाताखाली मिळेल ते काम करतात. ताई स्वतः लावणी-कापणीच्या दिवसांत लोकांच्या शेतावर असतात. थोरली मुलगी बारावी चांगल्या गुणांनी पास झाली आणि रत्नागिरीच्या कॉलेजात तिचे नाव लागले. शासकीय वसतिगृहाच्या यादीत मात्र ते आले नाही. मग वाडीतल्या कोणी सांगितले की वसतिगृह न मिळणाऱ्यांना सरकार ‘स्वाधार’मधून खोलीचे भाडे देते. ताईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. सरकारला कितीचे भाडे चालते? त्याहून महाग खोली घेतली तर पैसे बंद होतात काय? आणि हा दर कुठे लिहून लावलेला असतो?

प्रश्न एका घरचा नाही. दाभोळपासून हर्णैपर्यंतच्या आपल्या वाड्यांत जून-जुलैला दहा घरांत हेच बोलणे चालते. म्हणून उत्तर सविस्तर देतो.

पहिली गोष्ट, ‘कितीचे भाडे चालते’ असा दर स्वाधारमध्ये ठरलेलाच नाही. घरमालकाने किती घ्यावे हे सरकार ठरवत नाही. आपण स्वतः किती देणार एवढेच सरकारने ठरवले आहे. खोली पाचशेची असो की पाच हजारांची, सरकारचा वाटा तोच. महाग खोली घेतली म्हणून पैसे बंद होत नाहीत आणि स्वस्त घेतली म्हणून कापलेही जात नाहीत. वरचा फरक आपल्या खिशातून जातो. दर विचारायचा तो यासाठी की, हा फरक आपल्या घराला किती महिने झेपेल ते कळावे. ही बाब अनेकांच्या लक्षात येत नाही आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेली मुलगी परत जातच नाही.

योजनेचे पूर्ण नाव भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. सामाजिक न्याय विभागाने ६ जानेवारी २०१७ च्या शासन निर्णयाने ती आणली आणि २०१६-१७ च्या शैक्षणिक वर्षापासून लागू केली. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांतील जी मुले-मुली दहावी-बारावीनंतर शिकत आहेत, ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही आणि ज्यांच्या घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी ती आहे. गुणांची अट आहे, ७५ टक्के हजेरीची अट आहे, आणि मुलगी ज्या शहरात शिकते तिथली ती स्थानिक रहिवासी असता कामा नये. बुरोंडीची मुलगी रत्नागिरीत शिकते म्हणजे ही शेवटची अट सहज बसते. रोज जाऊन-येऊन होण्यासारखे ते अंतर नव्हे. दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा दोन फेरीबोटी पकडून खाडीच्या वाटेने गेले तरी एका दिशेलाच अर्धा दिवस मोडतो.

आता रकमा. योजना आली तेव्हा शहरांच्या तीन पायऱ्या ठरल्या. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर येथे शिकणाऱ्याला वर्षाला भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००, एकूण ६०,००० रुपये. नाशिक, अमरावती यांसारखी इतर विभागीय शहरे आणि क वर्ग महानगरपालिका येथे २८,०००, १५,००० आणि ८,०००, एकूण ५१,०००. बाकीच्या जिल्ह्याच्या ठिकाणी २५,०००, १२,००० आणि ६,०००, एकूण ४३,०००. पुढे तालुक्याच्या ठिकाणासाठी ३८,००० ची चौथी पायरी आली. रत्नागिरी जिल्ह्याचे ठिकाण, तेव्हा ती तिसऱ्या पायरीवर. वैद्यकीय व अभियांत्रिकी शाखेच्या विद्यार्थ्यांना साहित्यासाठी वर्षाला ५,००० आणि इतरांना २,००० जादा असेही योजनेत आहे.

मुंबईहून गणपतीला आलेला चाकरमानी ‘साठ हजार मिळतात’ असे ओटीवर बसून सांगतो. खोटे सांगत नाही, पण ते मुंबईचे सांगतो. त्याच्या भरवशावर रत्नागिरीत खोली ठरवली तर पहिल्याच वर्षी १७,००० चा खड्डा पडतो. आपल्या मुलीचे कॉलेज कोणत्या पायरीत आहे आणि यंदाची रक्कम काय आहे, हे जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात विचारावे. रत्नागिरीत ते कुवारबावच्या सामाजिक न्याय भवनात आहे. ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हेच. दर शासन निर्णयात लिहिलेला असतो आणि निर्णयाची प्रत त्या कार्यालयात पाहायला मिळते. तोंडी सांगितलेल्या आकड्यावर न थांबता प्रत पाहावी आणि त्यावरची तारीख टिपून घ्यावी.

आणखी एक वजाबाकी आहे, ती कोणी सांगत नाही. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत निर्वाह भत्ता मिळत असेल, तर तेवढी रक्कम स्वाधारमधून वजा करून उरलेली देतात. म्हणजे शिष्यवृत्ती आणि स्वाधार यांची बेरीज मांडून स्वप्ने रंगवू नयेत.

चला, पाटी-पेन्सिल घेऊ. रत्नागिरीसाठी निवासाचे १२,००० रुपये. वर्षाच्या बारा महिन्यांवर वाटले तर महिना १,०००. कॉलेजच्या दहा महिन्यांवर वाटले तर १,२००. मुंबई-पुण्याला हेच आकडे सुमारे १,६६६ आणि २,०००. एवढाच सरकारचा हातभार. आता समजा, साळवी स्टॉप किंवा नाचणे भागात एक खोली ४,५०० रुपयांना मिळते आहे. आकडा मी हिशोबापुरता धरला आहे, आपला खरा आकडा आपण घालावा. मुलगी एकटी राहिली तर करार अकरा महिन्यांचा, भाडे ४९,५००. भोजन, निवास आणि निर्वाह मिळून सरकार ४३,००० देणार. सगळी रक्कम खोलीत घालूनही साडेसहा हजार कमी पडतात आणि पोरीच्या पोटात अन्नाचा कण नाही.

तिघी मिळून राहिल्या तर एकीच्या वाट्याला महिना १,५००, अकरा महिन्यांचे १६,५००. सरकारचे १२,००० त्यातून गेले की ४,५०० आपले. लाईट-पाण्याचे महिना दोनशे धरले तर आणखी २,२००. म्हणजे वर्षाला ६,७०० रुपये घरून घालावे लागतील. हे मजुरीच्या घराला जड आहे, पण अशक्य नाही. त्यातही तिघींनी डबा न लावता गॅसवर स्वतः शिजवले, तर भोजनाच्या भागातून काही उरते आणि ते भाड्याकडे वळवता येते. गावाकडून तांदूळ, कुळीथ, सुके मासे गेले की तेवढाच आधार. मात्र परीक्षेच्या महिन्यात डबा बंद करून पैसे वाचवायला मुलीला सांगू नये.

मी स्वतः एक अंदाज वापरतो. मुलीच्या वाट्याचे भाडे सरकारच्या मासिक वाट्याच्या दीडपटीपलीकडे जाऊ देऊ नये. रत्नागिरीत दहा महिन्यांच्या हिशोबाने १,२०० चे दीडपट १,८००, पुण्या-मुंबईत २,००० चे ३,०००. त्या पलीकडची खोली कितीही चांगली असली तरी ती आपली नव्हे. हा सरकारी नियम नाही, घरोघरचे हिशोब पाहून बसवलेले माप आहे. ज्या घरात दुसरा कमावता हात आहे त्यांनी थोडे सैल धरावे.

खरी अडचण वर्षाच्या बेरजेत नसून महिन्यांच्या क्रमात आहे. खोली जून-जुलैमध्ये घ्यावी लागते. अर्ज, छाननी, यादी, मंजुरी, मग खात्यावर हप्ता. हप्ता उशिरा आल्याच्या तक्रारी ठिकठिकाणचे विद्यार्थी वारंवार करत आले आहेत, त्यासाठी मोर्चेही निघाले आहेत. म्हणून पहिले सहा महिने सरकारचा एक पैसा येणार नाही असे धरूनच चालावे. वरच्या उदाहरणात सहा महिन्यांचे भाडे ९,०००, डब्याचे महिना २,५०० प्रमाणे १५,०००, आणि डिपॉझिट १२,००० असेल तर तिसरा हिस्सा ४,०००. झाले २८,०००. ताई, आपल्याला उभे करायचे आहेत ते हे २८,०००. ४३,००० नंतर येतील. हा आकडा कळला नाही म्हणून शिक्षण सुटते. हुशारी कमी पडली म्हणून सुटणारे त्या मानाने थोडेच.

हे पैसे कुठून आणावेत? सावकाराकडे जाऊ नये, एवढे तर कोणीही सांगेल. महिला बचत गटाचे कर्ज असेल तर ते शिक्षणासाठी घ्यावे, बारशा-लग्नासाठी राखून ठेवू नये. गावच्या मुंबई मंडळाकडे मागायलाही संकोच नको. आपल्या कोकणातल्या मंडळांनी एक काळ मुंबईत ‘गावकीची खोली’ चालवली. गिरणीत, गोदीत, म्युनिसिपालिटीत कामाला लागलेला तरुण पोरगा प्रथम त्या खोलीत उतरायचा, पथारीपुरती जागा घ्यायचा आणि महिन्याची ठरलेली वर्गणी द्यायचा. एकट्याला भाडे झेपत नाही म्हणून सारा गाव मिळून भाडेकरू व्हायचा. ती गरज आता रत्नागिरी, चिपळूण, पुणे अशा शिक्षणाच्या गावांकडे सरकली आहे. दापोली-मंडणगड भागातल्या चार गावांच्या मंडळांनी मिळून रत्नागिरीत मुलींसाठी दोन खोल्यांचे डिपॉझिट भरून ठेवले, तर दरसाल सहा-सात मुलींचे पहिले सहा महिने सुकर होतील. डिपॉझिट तसेच परत येते, वाया जात नाही. जयंतीच्या मंडपाच्या खर्चाशी ताडून पाहावे, एवढेच म्हणतो. काहींना हे आवडणार नाही, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

स्थानिक भाडे किती, हे कसे काढावे? कॉलेजात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलींना विचारावे, एजंटला शेवटी. एकाच भागातल्या निदान तीन जागा पाहाव्यात आणि प्रत्येक ठिकाणी तेच प्रश्न विचारावेत. भाडे खोलीचे की माणशी? ‘कॉट बेसिस’ असेल तर एका खोलीत किती कॉट? लाईटचे मीटर वेगळे आहे की मालक अंदाजाने घेतो? पाणी किती वेळ? मे महिन्यात खोली बंद राहिली तरी भाडे द्यावे लागते काय? हा शेवटचा प्रश्न विचारायचा राहतो आणि तिथेच महिन्या-दीड महिन्याचे भाडे अंगावर बसते. दोन जागांच्या भाड्यात पाचशेचा फरक दिसतो, पण स्वस्त जागेतून कॉलेजला रिक्षाच करावी लागत असेल तर महाग कोणती पडली ते रिक्षाचे पैसे मिळवून पाहावे.

या निमित्ताने परदेशातली एक पद्धत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत १९७४ च्या कायद्यातून भाड्याच्या मदतीची एक योजना निघाली, तिलाच लोक ‘सेक्शन एट’ म्हणतात. गरीब कुटुंबाला व्हाउचर मिळते. ते घेऊन कुटुंब खाजगी घर शोधते, आपल्या उत्पन्नाचा साधारण ३० टक्के भाग भाड्यात घालते आणि उरलेले सरकार परस्पर घरमालकाला देते. तिथे मात्र ‘कितीचे भाडे चालते’ याला लेखी उत्तर आहे. केंद्राचे गृहनिर्माण खाते दरवर्षी प्रत्येक शहराचा आणि जिल्ह्याचा भाव प्रसिद्ध करते, तोही झोपायच्या खोल्या किती त्यानुसार. त्या भागातली साधारण बऱ्या अवस्थेतली शंभर घरे भाड्याच्या चढत्या क्रमाने मांडली तर चाळिसाव्या घराचे जे भाडे, तो त्या वर्षाचा भाव. स्थानिक कार्यालय त्याच्या थोडे खाली-वर आपला दर धरते आणि मालकाने मागितलेले भाडे शेजारपाजारच्या घरांशी जुळते की नाही तेही तपासते. तिथे सगळे आलबेल आहे असे समजू नये. व्हाउचरसाठी वर्षानुवर्षे रांगेत थांबावे लागते आणि अनेक मालक व्हाउचर पाहूनच दार लावतात.

पण त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. दर बाजाराला बांधलेला असतो आणि दरसाल नव्याने काढला जातो. आपल्याकडे दर शहराच्या वर्गाला बांधलेला आहे. २०१७ साली रत्नागिरीसाठी १२,००० लिहिले, पण घरमालक तो कागद वाचून भाडे ठरवत नाही. तेव्हापासून गॅस किती वाढला, डबा किती वाढला हे आपल्याला सांगायला नको. सरकारी नोकराचा महागाई भत्ता ठरावीक काळाने वाढतो, तशी स्वाधारची रक्कमही महागाईला जोडावी, ही मागणी आपल्या विद्यार्थी संघटनांनी धरून बसावे असे मला वाटते. योजनेला बाबासाहेबांचे नाव दिले आहे, तर रकमेनेही त्या नावाची बूज राखायला हवी.

कोणी विचारील, भाड्यावर कायद्याचा काही लगाम आहे की नाही? आहे, पण तो आपल्या कामाचा थोडाच. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुन्या चाळींची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली होती. त्याच आधाराने आपल्या दोन पिढ्या परळ-नायगावच्या चाळींतून थोडक्या भाड्यात राहिल्या. त्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यातही ‘प्रमाण भाडे’ आहे, वर्षाला चार टक्के वाढ आहे. पण हे सगळे भाडेकरूसाठी. आज विद्यार्थ्यांना जी खोली मिळते ती ‘लिव्ह अँड लायसन्स’वर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगीवर. तिचे भाडे दोघांनी ठरवावे तेच. तेव्हा प्रमाण भाड्याचा धाक घालून घरमालकाशी भांडण काढण्यात अर्थ नाही.

त्याच कायद्याचे एक कलम मात्र आपल्या फार उपयोगाचे आहे, ते म्हणजे ५५ वे. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदणी केलेला हवा, आणि ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत वाद झाल्यास राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरतात, मालकाला उलट शाबीत करावे लागते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हा सगळीकडे पसरलेला समज महाराष्ट्रात खरा नाही. आणि नोंदणीचा खर्च म्हणजे काही डोंगर नव्हे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. आपल्या उदाहरणात ४९,५०० वर सव्वाशे रुपयांच्या आसपास. नोंदणी फी वेगळी. तिघींनी वाटून घेतली तर महिन्याच्या डब्याहून कितीतरी कमी.

कराराचा एवढा आग्रह का, तर स्वाधारच्या अर्जाबरोबर मुलगी कुठे राहते याचा पुरावा लागतो. भाडे करार किंवा मालकाची भाडेचिठ्ठी. भाडे कितीही रास्त असले आणि चिठ्ठी नसली तर सरकारचा वाटा मिळायला अडचण येते. काही मालक भाडे रोख घेतात आणि कागद द्यायला तयार नसतात. कोणाला कराची भीती, कोणाला जागा बळकावली जाईल ही भीती. त्यांना शांतपणे समजवावे की लिव्ह अँड लायसन्समध्ये मुदत संपली की जागा सोडावी लागते, मालकी हक्काला काही बाधा येत नाही. भाड्याची लेखी पावती देणे हेही मालकावर बंधनकारक आहे. एवढे करूनही मालक चिठ्ठी देत नसेल, तर दोनशे रुपये स्वस्त असली तरी ती खोली सोडावी. वर्षाचे १२,००० त्या चिठ्ठीवर अवलंबून आहेत. भाडे शक्यतो बँकेतून किंवा मोबाईलवरून द्यावे, म्हणजे त्याचीही नोंद राहते.

आता ताईंनी पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात जे लिहिले आहे त्याकडे येतो. “दोन ठिकाणी खोली रिकामी आहे म्हणाले. आडनाव विचारले आणि मग उद्या सांगतो म्हणाले.”

ते ‘उद्या’ आपल्याला नवे नाही. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीसाठी आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी पारशांच्या एका धर्मशाळेत पारशी नाव लावून, रोजचे दीड रुपया भाडे देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात येऊन उभी ठाकली आणि त्यांना बाहेर पडावे लागले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. भाडे द्यायची ऐपत होती, दर ठरलेला होता, पैसे वेळेवर दिले जात होते. तरीही. आणि हे शंभर वर्षांपूर्वीचे म्हणून सोडून देता येत नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याची घरे शोधणाऱ्यांची पाहणी केली, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. नावावरून दलित किंवा मुस्लिम वाटणाऱ्यांना नकार अधिक मिळत होते, आणि होकार मिळालाच तर काहींना जादा अटी घातल्या जात होत्या.

भाड्याच्या हिशोबात हाही खर्च धरावा लागतो. तीन जागा पाहून काम होणाऱ्यांना होते, आपल्याला सहा पाहाव्या लागतात. त्यामुळे खोली शोधायला एका दिवसाची रजा घेऊन जाऊ नये, दोन दिवस काढावेत आणि एखाद्या माहितगार घरी मुक्काम करावा. प्रवेश नक्की होण्याआधीच शोध सुरू करावा. आडनाव लपवावे असे मी सांगणार नाही. करारात आधार कार्ड लागते, तेव्हा ते लपणारही नाही, आणि वर्षभर मुलीने भीतीखाली का राहावे? त्यापेक्षा कॉलेजातल्या आपल्या मुलींनी ज्या मालकांकडे सुखाने वर्षे काढली, त्यांची यादी कोणीतरी वहीत लिहून पुढच्या वर्षीच्या मुलींना द्यावी. असे मालक सगळ्या जातींत आहेत. सहा घरांत एक निघतोच. ‘उद्या सांगतो’ म्हणणाऱ्याकडे उद्या पुन्हा जाऊ नये.

राहिल्या दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी. मुलगी अजून अठराची झाली नसेल तर करार तिच्या नावे होत नाही, तो वडिलांच्या किंवा आईच्या नावे करावा आणि राहणारी म्हणून मुलीचे नाव त्यात स्पष्ट लिहून घ्यावे. तिघी राहणार असतील तर तिघींचीही नावे करारात हवीत, कारण स्वाधारचा अर्ज प्रत्येकीचा स्वतंत्र असतो आणि कागदावर नाव नसलेलीची अडचण होते. प्रत्येकीच्या वाट्याचे भाडे किती तेही लिहावे. बँक खाते मुलीच्या स्वतःच्या नावे आणि आधारशी जोडलेले असावे. ताईंच्या मुलीचे वसतिगृहाच्या यादीत नाव आले नाही, याचा अर्थ तिने वसतिगृहासाठी अर्ज केला होता. तो केला हे फार चांगले झाले. त्या अर्जाची पावती जपून ठेवावी. काही घरे वसतिगृह मिळणारच नाही म्हणून अर्जच करत नाहीत आणि मग स्वाधारच्या वेळी अडतात. हे अर्ज आता ऑनलाईन भरावे लागतात. दापोलीला सेवा केंद्रात जाताना उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, कॉलेजचे बोनाफाईड, गुणपत्रक आणि पासबुक सोबत न्यावे, आणि भरलेल्या अर्जाची छापील प्रत घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये. वर्ष संपल्यावर खोली बदलली तर पत्ता बदलतो, तेव्हा नवी भाडेचिठ्ठी घेऊन ती दुसऱ्या वर्षाच्या अर्जाला जोडावी लागेल.